यकृताच्या रुग्णाकडे बघायला वॉर्डला शिकवताना

सिरॉसिसच्या (यकृत निबर होण्याच्या आजाराच्या) एका रुग्णाच्या चार्टवर मी सलग दोन रात्री ‘झोप चांगली’ असं लिहिलं होतं. तिसऱ्या सकाळी तो हाकेला ओ देईना. तीन दिवस त्याला शौचाला झालं नव्हतं आणि ते कुणीच नोंदवलं नव्हतं, मीही नाही. तेव्हापासून नव्या सिस्टरांना शिकवायला बसले की मी औषधांच्या आधी शौचाचा रकाना उघडते.

हे शिकवणं सभागृहात नको. ड्युटी बदलताना रुग्णाच्या खाटेजवळ पंधरा मिनिटं पुरतात. वॉर्डबॉय आणि मावशींनाही बोलवा. बेडपॅन तेच उचलतात, त्यामुळे शौचाची खबर आधी त्यांनाच असते.

पहिले काही दिवस फक्त गुंगी ओळखायला शिकवा. आतड्यात तयार होणारा अमोनिया आजारी यकृताला साफ करता येत नाही आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. रुग्णाला हात पुढे धरून मनगटं वर वळवायला, बोटं फाकवायला सांगा. पंजे फडफडले तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. दिवसा झोप आणि रात्री जागरण ही खूण बऱ्याचदा त्याच्याही आधी दिसते. रोज एकाच कागदावर सही घ्या. अक्षर बिघडत चाललं की नातेवाइकांच्याही लक्षात येतं. झोपेची गोळी मात्र परस्पर द्यायची नाही.

लॅक्ट्युलोज हे पातळ औषध नुसतं पोट साफ करायला नसतं, आतड्यातला अमोनिया कमी करायला असतं, हे प्रत्येकीकडून वदवून घ्या. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हायला हवं. होत नसेल तर डोस वाढवायचा का, ते डॉक्टरांना विचारा. पाण्यासारखे जुलाब लागले तरी कळवा, कारण शरीर कोरडं पडलं की गुंगी वाढते.

पोटात पाणी असेल तर वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर. पायाला सूज नसताना दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त उतरलं, तर लघवीच्या गोळ्यांबद्दल विचारायचं. असा रुग्ण दाखल झाला की ताप नसला तरी पोटातल्या पाण्याचा नमुना लवकर जायला हवा, कारण संसर्ग तापाशिवायही असतो. त्या पाण्यात न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एका घन मिलिमीटरला 250 च्या वर आले तर अँटिबायोटिकसाठी कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीची, वाट बघत नाहीत. पाच लिटरहून जास्त पाणी काढणार असतील, तर अल्ब्युमिन (शिरेतून द्यायचं प्रथिन) आधीच मागवून ठेवा.

दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडं धोक्यात येतात. प्रथिनं बंद करायची जुनी सवयही मोडा. रात्रभर उपाशी राहिलेल्या या रुग्णाचे स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून झोपण्याआधी त्याच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे.

आणि हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती देताना, ‘दारुडा’ हा शब्द कुणी वापरला तर तिथेच थांबवा. तो शब्द ऐकलेला माणूस पुढे काही दुखलं-खुपलं तरी सांगत नाही, हे मी पाहिलंय.

महिन्याने कुठलेही पाच चार्ट उघडा. शौचाचा रकाना रिकामा दिसला, तर त्या पाळीच्या सिस्टरला घेऊन पुन्हा त्याच खाटेजवळ उभ्या राहा.