कॅन्सरच्या मुलांना भेटायला जाताना

"यंदा लेकाचा वाढदिवस टाटा हॉस्पिटलच्या मुलांबरोबर करायचाय, कधी येऊ?" असा फोन आला की मी आधी विचारते, घरात कोणाला सर्दी-खोकला आहे का? समोरची व्यक्ती बावचळते. तिने केक, टोप्या, फुगे इथपर्यंतचा बेत आखलेला असतो, सर्दीचा नाही.

मी पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. राहायला लालबागला. निवृत्त झाल्यापासून परळच्या या मुलांबरोबर कागद-रंग घेऊन बसते, म्हणून ओळखीपाळखीतून हे फोन माझ्याकडे येतात. सगळ्यांना तेच तेच सांगते, ते इथे एकदाचं लिहून ठेवते.

उठून थेट वॉर्डात जायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलांत समाजसेवा विभाग असतो, तिथे आधी बोला. कोणत्या दिवशी, किती जणांनी, काय आणायचं हे ते सांगतील. नवख्या माणसाने वॉर्डापेक्षा मुलं राहतात त्या निवासांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. टाटाला देशाच्या कानाकोपऱ्यातून मुलं येतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे, म्हणजे एएलएलचे, उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. एवढा काळ कोणी खाटेवर नसतं. केमो घ्यायची, परत खोलीवर यायचं, पुन्हा तारखेला जायचं. त्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेची मोफत केंद्रं परळ, कॉटन ग्रीन, खारघरला आहेत. तिथे मूल जरा मोकळं असतं, खेळायच्या मनःस्थितीत असतं. वॉर्डात ते बहुतेकदा थकलेलं, मळमळणारं असतं, आणि तुम्ही पाहुणे म्हणून आलात एवढ्यावर त्याने हसावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आता सर्दीचं. केमोने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. आया म्हणतात, "काउंट पडले." अशा वेळी साधा ताप आला तरी रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठावं लागतं. त्यामुळे सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे आलेले, यातलं काहीही असेल तर जाऊ नका. घरात कोणाला कांजिण्या किंवा गोवर असेल तर मुळीच नाही. आपल्याकडच्या दहा दिवसांच्या कांजिण्या या मुलांच्या जिवावर बेतू शकतात. स्वतःची लहान मुलं "त्यांना जाणीव व्हावी" म्हणून बरोबर नेऊ नका. जाणीव घरी बसूनही करून देता येते. अत्तर, सेंट लावू नका, केमोच्या दिवसांत वासाने उलटी होते. आत गेलात की आधी हात धुवा, मास्क लावा, मुलाच्या खाटेवर बसू नका. पापे घेणं, उचलून घेणं नको. छातीत केमोची नळी किंवा पोर्ट (कातडीखाली बसवलेली औषध सोडायची छोटी डबी) असतो, तो फ्रॉकच्या आत दिसत नाही.

फुलं नकोत. फुलदाणीच्या पाण्यात जंतू वाढतात. केसाळ टेडी नको, तो धुवून वाळवणार कोण? कापलेली फळं, भेळ, क्रीमचा केक, घरचे लाडूसुद्धा विचारल्याशिवाय नाहीत. प्रसाद, अंगारा तुम्ही होऊन पुढे करू नका, आईला नाही म्हणणं जड जातं.

मग न्यायचं काय? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विषय माझा आहे. मुलाच्या एका हाताला सुई असते, तेव्हा एका हाताने करता येईल असंच काहीतरी हवं. उजव्या हाताला सुई असली की मुलं डाव्या हाताने चित्रं काढतात, आणि ती चित्रं वाईट नसतात. खडू जाड घ्या, बारीक पेन्सिलीला जोर लागतो. कागद ठेवायला टेबल मिळेलच असं नाही, म्हणून परीक्षेला नेतात तसं क्लिपवालं पॅड न्या. स्टिकर हिट आहेत, ते सलाईनच्या स्टँडवर, पाण्याच्या बाटलीवर कुठेही बसतात. चुंबकाचा लुडो चांगला, सोंगट्या गादीत हरवत नाहीत. सगळ्यांना सारखं द्या आणि दोन-चार जास्तीचे संच पिशवीत ठेवा, कारण कोणीतरी तपासणीला गेलेलं असतं आणि परत आल्यावर त्याला पहिल्यांदा हेच दिसतं की आपल्याला नाही मिळालं. गावाकडे आजीजवळ ठेवलेल्या भावंडाचं विचारा. एकदा पाचेक वर्षांच्या एका मुलीने दोन वह्या मागितल्या. दुसरी धाकट्या भावासाठी, "त्याला वाटतं मी मुंबईत मजा करते."

बोलताना मुलाला आजाराचं काही विचारू नका. दिवसभर तेच ऐकतात ती. केसांवरून नको, "किती शूर आहेस गं" तर नकोच. शूर व्हायला तिने अर्ज केला नव्हता. गावात काय आहे, बकरी आहे का, क्रिकेटमध्ये कोण आवडतं, हे विचारा. हरायची तयारी ठेवा, आणि मुद्दाम हरू नका, त्यांना कळतं. स्टेरॉइड चालू असलेलं मूल गालफुगं दिसतं, त्याला सारखी भूक लागते, क्षणात चिडतं. त्याला पाहून "वा, तब्येत सुधारली" असं म्हणणारे पाहुणे मी पाहिलेत. आई तेव्हा काही बोलत नाही, इतकंच.

आईबापांशी बोलायचं तर "जेवलात का?" पासून सुरू करा. कोणत्या वैद्याने कोणाला बरं केलं, गव्हांकुराचा रस, गोमूत्र, हे गेटबाहेर ठेवा. तुमच्या आत्याचं कॅन्सरने कसं झालं तेही. "आमच्याच वाट्याला का" असा प्रश्न त्यांच्या डोक्यात असतोच; पुष्कळ बाया गरोदरपणात आपण काय खाल्लं ते आठवत बसलेल्या असतात. मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं असं नेमकं कारण सापडत नाही, तो संसर्गाने पसरत नाही, आणि वेळेवर पूर्ण उपचार मिळालेली पुष्कळ मुलं बरी होतात. श्रीमंत देशांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. आपल्याकडे मुलं उशिरा पोचतात, किंवा पैसे, भाडं, राहायची सोय संपली की आईबाप उपचार मध्येच सोडून गावी जातात. म्हणून खेळण्यांइतकीच किंमत खोलीभाड्याला, परतीच्या तिकिटाला आहे. ती मदत रोख हातावर ठेवण्यापेक्षा संस्थेमार्फत द्या. आणि पैसे नसतील तर तासभर मुलाजवळ बसा. तेवढ्यात आई अंघोळ करून येते, नाहीतर औषधाच्या रांगेत उभी राहते. मला विचाराल तर यासारखी दुसरी मदत नाही.

फोटो काढू नका. आई "काढा" म्हणाली तरी स्टेटसला टाकू नका. कित्येक घरांनी गावात आजार सांगितलेला नसतो. मुलगी असेल तर उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी तो फोटो दाखवेल ही भीती असते, आणि ती उगाच नसते.

रडू येईल. मलाही येतं. अशा वेळी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जायचं, जिन्यात रडायचं, तोंड धुवून परत यायचं. समोर रडलात तर मूलच तुमची समजूत काढत बसतं, आणि आईला वाटतं डॉक्टरांनी तुम्हाला काही वेगळं सांगितलंय.

"पुन्हा येईन" हे यायचं असेल तरच म्हणा, ती तारीख लक्षात ठेवतात. पुढच्या खेपेला एखादं मूल दिसलं नाही तर शेजारच्या खाटेवरच्या आईला विचारू नका. समाजसेविकेला बाजूला घेऊन विचारा. कधी ते उपचार संपवून गावी गेलेलं असतं. कधी नसतं. सांगायचं की नाही ते तिच्यावर सोडा.

जमलं तर जुलैत या. १४ नोव्हेंबरला, दिवाळीत, १५ फेब्रुवारीच्या बालकर्करोग दिनाला पाहुण्यांची रीघ असते. पावसात परळजवळच्या हिंदमाताला पाणी तुंबलं की कोणी फिरकत नाही, केमोच्या तारखा मात्र तशाच असतात.

आणि ज्यांना आत जायचा धीरच होत नाही, त्यांनी रक्तपेढीत जावं. केमोने प्लेटलेट्सही, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशीही, कमी होतात. दान केलेल्या प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवता येत नाहीत, सतत नवा दाता लागतो. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा तर रक्तपेढ्यांची ओढाताण असते. वय १८ च्या पुढे हवं. प्लेटलेट्स मशीनने काढतात, त्याला तास-दीड तास जातो. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, पोटभर जेवून जा, आणि दोन्ही हातांच्या शिरा तपासून मगच ते हो म्हणतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा घट्ट कुडता घालू नका.