जुन्या लॅपटॉपवर आवडत्या विज्ञानपट-कलाकारांचा संग्रह कसा उभारावा

१९७९ साली ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन अंतराळ-मालिका चित्रपट होऊन पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आली तेव्हा त्यात संपूर्ण मुंडन केलेली लेफ्टनंट इलिया होती. ती भूमिका करणारी पर्सिस खंबाटा आपल्या मुंबईची, १९६५ची मिस इंडिया. अशा एखाद्या कलाकाराच्या मागोमाग जात त्याचं सगळं काम बघायचं, तर ओटीटी फारसं उपयोगी पडत नाही. आज दिसणारा चित्रपट पुढच्या महिन्यात तिथे असेलच असं नाही. मला मात्र माणसांच्या नावाने लावलेलं कपाट हवं असतं. त्यासाठी घरात पडून असलेला लॅपटॉप, लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) आणि जेलीफिन (आपल्याच फाइलींचं घरगुती ओटीटी बनवणारं सॉफ्टवेअर) एवढं पुरतं. दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहेत आणि फुकट मिळतात.

लॅपटॉप निवडा. ६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असली की काम भागतं. बॅटरी टिकत नसेल तरी चालेल, चार्जर लावूनच ठेवायचा आहे. पण बॅटरी फुगलेली असेल तर आधी दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. त्याशिवाय तो लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवू नका.

लिनक्स मिंट बसवा. आधी जुने फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा, कारण या प्रक्रियेत डिस्क पुसली जाते. मिंटच्या संकेतस्थळावरून एक्सएफसीई आवृत्ती उतरवा, ती जुन्या यंत्राला हलकी पडते. बलेना एचर हे छोटं सॉफ्टवेअर वापरून ती पेन ड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ किंवा एस्केप दाबून (कंपनीनुसार बटण बदलतं) पेन ड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता मिंट तिथूनच चालतं, तेव्हा वाय-फाय आणि आवाज नीट आहे ना ते बघून घ्या आणि मगच इन्स्टॉल करा. वाटेत मल्टिमीडिया कोडेक्सबद्दल (व्हिडिओ-ऑडिओ चालवायला लागणारे घटक) विचारतील, तिथे हो म्हणा. शेवटी पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपणार नाही अशी व्यवस्था करा.

जेलीफिन बसवा. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर उबंटू आणि डेबियनसाठी एका ओळीचा आदेश दिला आहे, मिंटलाही तोच चालतो. तो टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायची खिडकी) चिकटवा आणि पासवर्ड द्या. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन आणि ८०९६ एवढं (localhost:8096) टाकलं की जेलीफिन उघडतं. घरातल्या फोनवर किंवा टीव्हीवर बघायचं असेल तर लोकलहोस्टच्या जागी लॅपटॉपचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) टाका. तो पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, नाहीतर अधूनमधून बदलत राहील. घराबाहेरून बघता यावं म्हणून राउटरचं पोर्ट उघडून ठेवायच्या फंदात मात्र पडू नका.

फाइली कुठे ठेवायच्या? नवखे लोक सगळ्यात जास्त इथे अडकतात. माझीही एक अख्खी संध्याकाळ यात गेली. फोल्डर जोडलेलं असतं, चित्रपट त्यात असतात, तरी जेलीफिनमध्ये एकही दिसत नाही. कारण असं की जेलीफिन लॅपटॉपवर तुमच्या नावाने चालत नाही, तो ‘जेलीफिन’ नावाचा वेगळा वापरकर्ता असतो. तुमच्या होम फोल्डरमध्ये किंवा आपोआप जोडल्या जाणाऱ्या यूएसबी डिस्कमध्ये डोकावायची त्याला परवानगी नसते. म्हणून ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमध्ये ती डिस्क निवडा, माउंटच्या पर्यायांत जा आणि एमएनटी (/mnt) या फोल्डरखाली तिला कायमची जागा द्या. मग फोल्डरच्या परवानग्यांत इतरांना वाचण्याची मुभा द्या आणि जेलीफिनमध्ये लायब्ररी (म्हणजे जोडलेली फोल्डरं) पुन्हा स्कॅन करा.

फाइलींची नावं आणि आकडे इंग्रजीतच ठेवा. चित्रपटाच्या नावापुढे कंसात वर्ष हवं. मालिकेसाठी सीझन ०१ असं फोल्डर आणि त्यात एस०१ई०१ अशा नावाच्या फाइली. वर्ष नसेल तर ‘स्टार ट्रेक’ची १९६६ची मूळ मालिका आणि नंतरचे त्याच नावाचे चित्रपट यांत गल्लत होऊ शकते.

काय भरायचं? ज्याचा हक्क आपल्याकडे आहे तेच. कुलूप (कॉपी-संरक्षण) नसलेल्या डीव्हीडी हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एमपी४ करून घ्या. व्हिडिओ एच.२६४ आणि आवाज एएसी ठेवला तर बहुतेक फोन-टीव्हींना फाइल जशीच्या तशी चालते आणि जुन्या प्रोसेसरला ती चालता चालता रूपांतरित करण्याचे कष्ट पडत नाहीत. स्वामित्वहक्क संपलेलेही भरपूर आहे. जॉर्ज मेलिएसचा १९०२चा चंद्रप्रवासाचा मूकपट घ्या, त्यात प्राध्यापकाची भूमिका त्याने स्वतःच केली आहे.

माझ्या संग्रहात सगळ्यात आधी गेली ती निशेल निकल्सची नासासाठीची चित्रफीत. ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेतली उहुरा ही जहाजावरची अधिकारी म्हणजे हीच कृष्णवर्णीय अभिनेत्री. ती भूमिका ती पहिल्या सीझननंतर सोडणार होती, मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं. १९७७ साली या चित्रफितीत तिने स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करा असं आवाहन केलं. पुढच्या वर्षीच्या अंतराळवीरांच्या ३५ जणांच्या तुकडीत सहा स्त्रिया होत्या, अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड त्यांपैकीच एक. अंतराळात गेलेला पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन गायन ब्लुफर्डही त्याच तुकडीतला. ही फीत मी उहुराच्या भागांच्या शेजारीच ठेवते.

आता नावं जोडा. प्रसिद्ध चित्रपटांची कलाकार-यादी जेलीफिन इंटरनेटवरून आपोआप आणतं. अशा चित्रफितींसाठी ते काम हाताने करावं लागतं. तीन टिंबांच्या मेनूतून मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती) संपादन उघडा, ‘पीपल’खाली नाव जोडा आणि ती नोंद लॉक करा, म्हणजे पुढच्या स्कॅनमध्ये पुसली जाणार नाही. स्पेलिंग मात्र एकसारखं ठेवा, एका अक्षराचा फरक पडला तरी जेलीफिन दोन वेगळी माणसं धरतं.

एवढं झालं की कलाकाराच्या फोटोवर क्लिक करा. तुमच्याकडे असलेलं त्या व्यक्तीचं सगळं काम एका पानावर येतं. ‘स्टार ट्रेक’मधल्या माजेल बॅरेटचं पान उघडा. १९६०च्या दशकातल्या मूळ मालिकेतली नर्स चॅपल, १९८७ला सुरू झालेल्या पुढच्या मालिकेतली ल्वाक्साना ट्रॉय आणि जहाजाच्या संगणकाचा तो शांत आवाज, हे सगळं एकाच बाईचं, हे मला अशाच एका पानावर पहिल्यांदा सलग दिसलं. आवडलेल्या नावाजवळच्या बदामावर टिचकी मारून ठेवा, म्हणजे ते ‘फेव्हरिट्स’मध्ये मिळेल. आणि डिस्क भरत आली की दुसरी एक घेऊन सगळ्याची नक्कल त्यावर काढून ठेवा.