पेशी आणि सिम्युलेशन : संशोधनाची सुरुवात कशी करावी

पेशीजीवशास्त्र आणि संगणकीय सिम्युलेशन या दोहोंत मिळून संशोधन करू पाहणारे विद्यार्थी बहुधा आधी विचारतात, की कोणते सॉफ्टवेअर शिकावे. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी पेशीतली एखादी अशी प्रक्रिया निवडावी, जी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते, पण नुसत्या निरीक्षणाने उलगडत नाही.

सूक्ष्मनलिकांचेच उदाहरण घ्यावे. पेशीच्या सांगाड्याचा भाग असलेल्या, सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या या प्रथिनांच्या नळ्या सावकाश वाढतात आणि मध्येच कोसळू लागतात, हे मिचिसन आणि कर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवले. हे वर्तन चार आकड्यांत मांडता येते : वाढीचा वेग, आखडण्याचा वेग, कोसळणे सुरू होण्याची वारंवारता आणि पुन्हा वाढीकडे वळण्याची वारंवारता. एवढ्या सामग्रीवर हजारभर नलिकांचे सिम्युलेशन पायथनमध्ये थोडक्या ओळींत लिहून होते. आखडण्याचा वेग आणि कोसळण्याची वारंवारता यांचा गुणाकार उरलेल्या दोन आकड्यांच्या गुणाकाराहून मोठा असेल, तर सरासरी लांबी स्थिरावते. लहान असेल, तर ती वाढतच राहते. कागदावरचे हे गणित आणि आपल्या प्रोग्रामचे उत्तर जुळले नाही, तर चूक बहुतेक वेळा प्रोग्राममध्येच सापडते, आणि ती शोधण्यात गेलेला आठवडा वाया गेला असे मी कधीच म्हणणार नाही.

गणितापैकी विकलक समीकरणे आणि संभाव्यता पक्की हवी. पेशीत एखाद्या रेणूच्या मोजक्याच प्रती असतात तेव्हा सरासरीची समीकरणे फसवतात; तिथे गिलेस्पी यांची १९७७ मधील यादृच्छिक पद्धत, म्हणजे एकेक अभिक्रिया संभाव्यतेनुसार घडवत जाणारी पद्धत, वापरावी लागते. शिवाय अंदाजाची सवय हवी. सेकंदाला १० वर्ग मायक्रोमीटर या विसरण गुणांकाचा (म्हणजे आपोआप पसरण्याच्या दराचा) रेणू एका मितीत १० मायक्रोमीटर अंतर सुमारे ५ सेकंदांत कापतो, पण मीटरभर लांब चेताक्षात, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूत, त्याला दीड हजारांहून अधिक वर्षे लागतील. तिथे रेणू ओढून नेणारी वाहक प्रथिने का लागतात, हे या एका हिशेबातून कळते.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रोग्रामिंग शिकावे, हे सगळेच सांगतात. भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीकडून येणाऱ्याने निदान एक उन्हाळा प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात घालवावा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही; मोजमापात किती गोंधळ असतो हे हाताने अनुभवल्याशिवाय मॉडेलवर नको तितका विश्वास बसतो.

पुण्याच्या आयसरमधील (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील) पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष संशोधन प्रकल्पाचे असते, आणि असा दुहेरी विषय निवडण्यास ते सोयीचे आहे. पीएचडीसाठी नेट, गेट किंवा टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा हे नेहमीचे मार्ग आहेत. याच संस्थेच्या बंगळुरूमधील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात चेतापेशींच्या सिम्युलेशनसाठी ‘मूस’ हे मुक्त सॉफ्टवेअर विकसित झाले आहे.

संपूर्ण पेशीचे मॉडेल करण्याची घाई करू नये. ‘मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम’ या ५२५ जनुकांच्या जिवाणूचे तसे मॉडेल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २८ स्वतंत्र उपमॉडेले जोडावी लागली होती, आणि ते एका माणसाचे काम नव्हते. मार्गदर्शकाला पत्र लिहिताना आपल्या छोट्या सिम्युलेशनचा कोड, एक आलेख आणि त्या मॉडेलला खोटे ठरवू शकेल असा एक प्रयोग, एवढे जोडावे.