निम्म्या चीजमध्ये मॅकरोनी चीज, गंगाफळ घालून

नेहमीच्या मॅकरोनी चीजमध्ये २५० ग्रॅम मॅकरोनीला सहज २०० ग्रॅम चीज पडतं, वर लोणी वेगळं. १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीजमध्ये साधारण २५ ग्रॅम चरबी असते, आणि मीठही भरपूर. पण चीज नुसतं निम्मं केलं की सॉस पांढरा, पातळ आणि पिठूळ लागतो. कमी केलेल्या चीजच्या जागी दाट, पिवळं आणि गुळगुळीत असं काहीतरी यायला हवं. खान्देशात ते बहुतेक घरात असतंच: गंगाफळ, म्हणजे बाकी महाराष्ट्राचा लाल भोपळा.

चार जणांसाठी २५० ग्रॅम मॅकरोनी, साल-बिया काढून २५० ग्रॅम गंगाफळ, ३०० मिली थंड दूध, १ मोठा चमचा चाळलेली कणीक, १ मोठा चमचा तूप, १०० ग्रॅम प्रोसेस्ड चीज (२५ ग्रॅमचे ४ क्यूब), ३ मोठे चमचे चक्का, ३ लसूण पाकळ्या, पाव छोटा चमचा मोहरीची पूड आणि मिरपूड. चीज कमी झालं की प्रथिनंही कमी होतात, म्हणून वाटीभर ओले तुरीचे दाणे घ्या. हिवाळा सरला असेल तर मटार चालतील.

खरेदी करताना दोन पाकिटं नीट वाचा. मॅकरोनी ड्युरम गव्हाच्या रव्याची हवी. मैद्याची मॅकरोनी सॉसमध्ये पडल्यावर पाच मिनिटांत गचका होते. चीजच्या घटकांत वनस्पती तेल दिसलं तर ते परत ठेवा. मोझरेला इथे उपयोगाचं नाही, त्याच्या तारा निघतात, सॉस होत नाही. गंगाफळाची फोड आतून गडद केशरी असावी. फिकट पिवळं, कोवळं गंगाफळ पाणी सोडतं आणि सॉसला कच्चट वास आणतं.

गंगाफळाच्या फोडी चाळणीत ठेवून, फोडींना पाणी लागू न देता, कुकरमध्ये २ शिट्ट्या काढा. पाण्यात बुडवून शिजवलं तर चवही पाण्यात जाते. वाफ जिरली की मिक्सरमधून अगदी गुळगुळीत वाटा. इथे कंटाळा करू नका, एक जरी रेषा राहिली तर मुलांना ती बरोबर सापडते.

कुकर लागलेला असतानाच मोठ्या पातेल्यात २ लिटर पाणी उकळा, दीड छोटा चमचा मीठ घाला. आधी तुरीचे दाणे टाका, पाच मिनिटांनी मॅकरोनी. मटार असतील तर ते शेवटच्या तीन मिनिटांत. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या २ मिनिटं आधी मॅकरोनी उतरवा, कारण ती पुढे सॉसमध्ये शिजणारच आहे. पाण्यात तेल घालू नका आणि निथळल्यावर गार पाण्याखाली धरू नका. दोन्हींमुळे सॉस मॅकरोनीला धरत नाही, तळाशी साचतो. निथळण्याआधी वाटीभर पाणी काढून ठेवा. त्यात उतरलेला स्टार्च सॉस जुळवून आणतो.

आता सॉस, आणि बहुतेक चुका इथेच होतात. जाड बुडाच्या कढईत तूप तापवून ठेचलेला लसूण परता, कणीक घालून मंद आचेवर दोन मिनिटं, खमंग वास येईपर्यंत भाजा. रंग तांबूस होऊ देऊ नका. मग थंड दूध थोडं थोडं ओतत फेटा. गरम दूध एकदम ओतलं तर पिठाचा बाहेरचा थर लगेच शिजतो, आतलं पीठ कोरडं राहतं, त्याच या गुठळ्या. झाल्याच तर सरळ गाळून घ्या. दूध म्हशीचं असेल तर साय काढून घ्या, नाहीतर चीजमध्ये वाचवलेली चरबी इथून परत येते. दूध दाटलं की गंगाफळाचा लगदा घालून तीन-चार मिनिटं रटरटू द्या, म्हणजे भाजीचा वास जातो. मोहरीची पूड आणि मिरपूड याच वेळी घाला. गंगाफळाचा गोडवा मोहरीने मागे सरतो आणि थोडं चीजही ठळक लागतं.

गॅस बंद करा. कढईतली उकळी बसू द्या आणि मगच बारीक किसलेलं चीज दोन वेळा करून ढवळत मिसळा. जास्त आचेत चीजमधली प्रथिनं आकसतात, तूप वेगळं सुटतं आणि सॉस रवाळ होतो. चेडार वापरलं तर हे फार लवकर होतं, प्रोसेस्ड चीज थोडं सहन करतं. शेवटी फेटलेला चक्का. तोही उकळत्या सॉसमध्ये गेला तर फुटतो. मॅकरोनी-दाणे घालून काढून ठेवलेल्या पाण्याने हवं तेवढं सैल करा. वाढायच्या वेळी सॉस थोडा पातळच दिसायला हवा, ताटात दोन मिनिटांत आळतो. मीठ आता, चाखून, आणि बहुधा लागणारच नाही.

वरचा कुरकुरीत थर ओव्हनशिवायही होतो. कळण्याची शिळी भाकरी हाताने चुरून, छोटा चमचाभर तेल आणि दोन लसूण पाकळ्यांबरोबर तव्यावर मंद आचेने पाच मिनिटं भाजा. ज्वारी-उडदाचा तो खमंगपणा चीजला ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा चांगला शोभतो. चुरा वाढतानाच टाका, आधी टाकला तर मऊ पडतो.

काळा मसाला मात्र यात घालू नका. खोबऱ्याचा आणि मसाल्याचा भाजका दरवळ चीजला पूर्ण झाकतो, रंगही मातकट होतो. तिखट हवंच असेल त्यांना बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा वाढा.

उरलेली मॅकरोनी फ्रिजमध्ये घट्ट गोळा होते. गरम करताना तीन-चार चमचे दूध घालून मंद आचेवर हलवा, उकळू नका. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ती तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका, आणि त्या दिवसांत डब्यातही देऊ नका.