कॅम्पिलोबॅक्टर: या चुका टाळा (चिकन धुणाऱ्यांनी तर आधी वाचा)

कच्चं चिकन आणलं की सिंकमध्ये नळाखाली धरून खळखळून धुवायचं, ही सवय एवढी मुरलेली असते की नको धुऊ म्हटलं तर लोक आपल्यालाच घाणेरडं समजतात. पण धुतल्याने कच्च्या चिकनवर असणारा कॅम्पिलोबॅक्टर, म्हणजे जुलाब लावणारा एक बॅक्टेरिया, जात नाही, उडतो. पाण्याचे बारीक शिंतोडे ओट्यावर, नळाच्या तोटीवर, बाजूला चिरून ठेवलेल्या काकडीवर बसतात, आणि चिकन नंतर छान शिजतं हो, काकडी कोण शिजवणार? ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ मध्ये याच एका गोष्टीवर अख्खी मोहीम काढली होती, कच्चं चिकन धुऊ नका म्हणून. रक्त-पाणी फारच वाटलं तर टिश्यूने टिपा, टिश्यू कचऱ्यात टाका, हात साबणाने धुवा. सुरी आणि बोर्ड तेवढे वेगळे ठेवा, किंवा सॅलड आधी चिरा आणि चिकन शेवटी.

दुसरी गफलत जरा गमतीची आहे. पोट बिघडलं की आपण म्हणतो, "अरे पण ताजं होतं, वास नव्हता, फ्रीजमध्येच होतं." बाकीच्या काही जंतूंना हा हिशोब थोडाफार लागू पडतो, याला नाही. याला ऑक्सिजन लागतो पण थोडाच, साधारण ५ टक्के, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेत तो गुदमरतो, आणि ३० डिग्रीच्या खाली तर वाढतच नाही. कोंबडीचं अंग ४१-४२ डिग्री असतं म्हणून तिच्या आतड्यात तो अगदी घरच्यासारखा राहतो. मग बाहेर पडल्यावर वाढतच नसेल तर घाबरायचं कशाला? कारण त्याला वाढायची गरजच नाही. १९८१ मध्ये एका संशोधकाने स्वतःवरच केलेला प्रयोग छापून आला होता, त्याने दुधातून साधारण ५०० जंतू प्यायले आणि तो आजारी पडला. ५०० म्हणजे कच्च्या चिकनच्या पाण्याचा एखादा थेंब झाला. फ्रीजमध्ये तो वाढत नाही पण थंडीत टिकून राहतो, डीप फ्रीझरमध्ये संख्या कमी होते, शून्य होत नाही. आतपर्यंत ७५ डिग्री गेलं की मात्र खेळ खल्लास, त्यामुळे नुसतं वरून खरपूस दिसतंय यावर जाऊ नका.

काल रात्री जिथे जेवलो त्यांना शिव्या घालणं, हेही आलंच. लक्षणं सहसा २ ते ५ दिवसांनी दिसतात, त्यामुळे कालचं जेवण बऱ्याचदा निर्दोष असतं, आठवायचं तर मागचे चार-पाच दिवस आठवा, न उकळलेलं दूध प्यायलात का, क्लोरीन नसलेलं पाणी प्यायलात का, जुलाब होणारं कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय का. (२०१६ मध्ये न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थ गावात मेंढ्यांची विष्ठा पाण्यात गेली आणि हजारो लोक आजारी पडले, तिथे चिकनचा काही संबंधच नव्हता.)

आता सगळ्यात मोठी चूक, आणि यावर मी जरा जास्त बोलणार. घरात मागच्या वेळच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन (थोडक्यात सिप्रो) या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरलेल्या असतात, जुलाब लागले की त्या पोटात. एक तर बहुतेक लोक आठवड्याभरात औषधाशिवाय बरे होतात, पाणी आणि ओआरएस पुरतं. दुसरं म्हणजे नेमकं सिप्रोच इथे बऱ्याच ठिकाणी चालेनासं झालंय. ज्या प्रोटीनवर हे औषध हल्ला करतं त्याच्या जीनमध्ये, जायआर-ए त्याचं नाव, फक्त एक अक्षर बदललं की बॅक्टेरिया सुटला, आणि हा बदल उपचार चालू असताना त्याच पेशंटच्या पोटातसुद्धा होऊ शकतो. सिप्रो-रेझिस्टंट, म्हणजे सिप्रोला दाद न देणारा, कॅम्पिलोबॅक्टर २०१७ मध्ये डब्ल्यूएचओच्या काळजीच्या यादीत वरच्या गटात गेला तो उगाच नाही. खरंच औषध लागलं, म्हणजे ताप जास्त आहे, रक्त पडतंय, पेशंट गरोदर आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, तर सहसा अझिथ्रोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक देतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि ताप-रक्त असताना जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेऊ नका, आत जे आहे ते बाहेर जाऊ दे.

हा रेझिस्टन्स आला कुठून? पोल्ट्रीचा त्यात मोठा वाटा आहे. शेडमध्ये दहा पक्षी खोकायला लागले की एनरोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे सिप्रोच्याच गटातलं जनावरांचं औषध, पिण्याच्या पाण्यात मिसळून सगळ्या हजारो पक्ष्यांना दिलं जातं, कारण एकेकाला पकडून कोण पाजणार, आणि अंगात गेल्यावर त्याचं काही प्रमाणात सिप्रोच होतं. ज्या आजारासाठी दिलं तो वेगळाच, पण आतड्यातल्या कॅम्पिलोबॅक्टरला फुकटात ट्रेनिंग. अमेरिकेने २००५ मध्ये पोल्ट्रीत हे बंद केलं, तरी रेझिस्टंट जंतू काही लगेच गायब झाले नाहीत, कारण हा बदल त्याला जड जात नाही, औषध नसतानाही तो मजेत जगतो. ऑस्ट्रेलियाने खाण्याच्या जनावरांत हा औषधगट कधी येऊच दिला नाही आणि तिथे रेझिस्टन्स बराच काळ कमी राहिला.

पक्षी पाळणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे "माझे पक्षी ठणठणीत आहेत". असणारच! कोंबडीला याने सहसा काही होत नाही. पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक साफ असतात, मग एकदा शिरला की काही दिवसांत अख्खी शेड. औषधाने काढायला जाऊ नका, प्रत्येक शेडला वेगळे बूट ठेवा, माश्या आवरा, पाण्याच्या लाइनी साफ करा. आणि शेडमधले काही पक्षी विक्रीसाठी आधी उचलायला माणसं येतात ना, त्यांच्या बूट-पिंजऱ्यांबरोबर तो आत येतो, तिथे लक्ष द्या.

मी लॅबमध्ये काम करते म्हणून एक आमच्या बाजूची तक्रार. अँटिबायोटिकचे दोन डोस झाल्यावर स्टूल सॅम्पल येतं, तेही सकाळपासून डबीत सुकलेलं. गोळीच्या आधी द्या, लवकर पोचवा, आणि कॅम्पिलोबॅक्टर बघायचाय हे फॉर्मवर लिहून घ्या, कारण जंतू वाढवायच्या नेहमीच्या प्लेटवर नेहमीच्या हवेत तो उगवतच नाही. त्याला वेगळी प्लेट, ४२ डिग्री, कमी ऑक्सिजन आणि ४८ तास लागतात, मग पाण्याचे थेंब पसरावेत तशा राखाडी चपट्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, दिसतात. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) पटकन होतं, मान्य, पण कुठलं औषध चालेल हे बघायला शेवटी कल्चरच, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवणंच, लागतं.

आणि जुलाब थांबले म्हणजे विषय संपला, असंही नाही. साधारण हजारात एकाला पुढच्या काही आठवड्यांत गिलियन-बारे (जीबीएस, यात आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते) होतो, पायात मुंग्या येतात, मग जिना चढताना पाय लटपटतात, अशक्तपणा वर सरकत जातो. असं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि मागे जुलाब झाले होते हे आपणहून सांगा, पायाच्या तक्रारीत पोटाचं कुणी विचारेलच असं नाही.