आयातीचा नियम बदलला? आधी तारीख बघा

नवी अधिसूचना निघाली की तासाभरात ग्रुपवर फॉरवर्ड फिरू लागतात: "ड्यूटी वाढली", "इम्पोर्ट बंद". फॉरवर्ड बाजूला ठेवा आणि मूळ अधिसूचना उघडा. आपल्या मालाचा आठ आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

अधिसूचना कोणाची आहे ते आधी पाहा. ड्यूटीचे दर कस्टम्स टॅरिफ कायदा, १९७५ खाली आणि सवलती सीमाशुल्क कायदा, १९६२ खाली येतात, त्या अधिसूचना सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) साइटवर मिळतील. माल मोकळेपणाने आणता येतो की परवाना लागतो, हे विदेश व्यापार कायदा, १९९२ खाली डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) कळवतं. दोन्ही साइट बघायच्या. एकीकडे काही नाही म्हणजे काहीच बदललं नाही, असं होत नाही.

सवलतीच्या अधिसूचनेचा क्रमांक जुना तर नाही ना, हेही तपासा. वर्षानुवर्षं सगळे ५०/२०१७ लिहीत आले. १ नोव्हेंबर २०२५ पासून तिच्या जागी ४५/२०२५ आहे.

आता खरी मेख: माल वाटेत असताना नियम बदलला तर जुना लागतो की नवा? सुरुवातीला मीही इथेच गोंधळायचो, कारण ड्यूटीची तारीख वेगळी आणि बंदीची वेगळी, हे कोणी धड सांगत नाही.

ड्यूटीसाठी सीमाशुल्क कायद्याचं कलम १५. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडे भरायचं आयातीचं कागदपत्र) भरल्याची तारीख आणि जहाजाला एंट्री इनवर्ड (माल उतरवायची कस्टम्सची परवानगी) मिळाल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची तिचा दर लागतो. "बीएल (माल जहाजावर चढल्याचं कागदपत्र, बिल ऑफ लेडिंग) जुनं आहे, जुनाच दर लागेल" हे साफ खोटं. सौदा कधी झाला, पैसे कधी पाठवले, याच्याशी दराला देणंघेणं नाही. बिल आगाऊ भरून दर पक्का होतो, हाही भ्रम. जहाज नंतर आलं तर दर नंतरचाच. बजेटआधी माल बॉन्डमध्ये (ड्यूटी न भरता माल ठेवायच्या गोदामात) टाकून ठेवा, असं सांगणाऱ्यापासून तर लांबच राहा. बॉन्डमधून माल काढताना एक्स-बॉन्ड बिल ज्या दिवशी भरता, त्या दिवशीचा दर बसतो.

तारखेबरोबर वेळही मोजली जाते. १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के ड्यूटी लावली गेली. ती अधिसूचना ई-गॅझेटवर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. अटारीच्या सीमानाक्यावर त्याच दिवशी, पण त्याआधी बिलं भरलेल्यांकडूनही वाढीव ड्यूटी मागितली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये निकाल आयातदारांच्या बाजूने लागला. त्यामुळे गॅझेटची प्रत उतरवून घेताना डिजिटल सहीची वेळ दिसेल अशीच घ्या, आणि बिल भरल्याची वेळही जपून ठेवा.

बंदीचं गणित उलटं. तिथे बीएलच्या तारखेला वजन आहे. विदेश व्यापार धोरण २०२३ चा परिच्छेद १.०५ वाचा: निर्बंध येण्याआधी माल जहाजावर चढला असेल तर तो अडत नाही. हाय सी सेलला (माल समुद्रात असतानाच झालेल्या विक्रीला) मात्र ही सूट नाही. माल चढायचा असेल, पण इर्रिव्होकेबल एलसी (बँकेचं रद्द न होणारं पतपत्र) आधीच उघडलेली असेल, तर ती निर्बंध आल्यापासून १५ दिवसांच्या आत डीजीएफटीच्या प्रादेशिक कार्यालयात नोंदवा. त्या एलसीच्या उरलेल्या रकमेपुरता, मालापुरता आणि मुदतीपुरताच माल आणता येतो. सोळाव्या दिवशी हातापाया पडण्यात अर्थ नाही.

अधिसूचनेच्या शेवटच्या ओळी कधीच सोडू नका. १.०५ ची सूट मिळणार नाही, हे बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं.

आणि पहिल्याच दिवशी ऑर्डर रद्द करू नका. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉपवर परवाना आला. दुसऱ्याच दिवशी ३१ ऑक्टोबरपर्यंत मोकळीक मिळाली.

एवढं झालं की सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला) अधिसूचनेचा क्रमांक, सवलतीचा अनुक्रमांक आणि धरायची तारीख ईमेलने कळवा. फोनवर नाही. बिल जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं, उशीर झाला तर दंड वेगळा.