छायाचित्राच्या आधाराने लेखन कसे शिकवावे

पाचवी ते आठवीच्या वर्गात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय दिला, की बहुतेक वह्यांमध्ये धरतीने हिरवा शालू पांघरलेला असतो. मुलांना भाषा येत नाही म्हणून असे होते, हे मला पटत नाही. लिहिताना डोळ्यांसमोर नेमके काहीच नसल्यामुळे ती पाठ असलेल्या वाक्यांचा आधार घेतात. छायाचित्र ही उणीव भरून काढते, कारण त्यात काय आहे आणि काय नाही हे वर्गातील प्रत्येकाला तपासून पाहता येते.

पहिले छायाचित्र शिक्षकांनी स्वतः काढलेले असावे. कोल्हापुरात शिकवत असाल, तर रंकाळ्यावरचा सूर्यास्त किंवा शालिनी पॅलेससारखी नेहमीची दृश्ये टाळावीत. त्यांच्याविषयी मुलांनी आधीच इतके ऐकलेले असते, की पुन्हा तीच विशेषणे कागदावर उतरतात. त्याऐवजी काम करणारी माणसे निवडावीत : गंगावेशीतील दूध कट्टा, कपिलतीर्थ मंडईतील भाजीचा वाटा, चामडे कापणारे हात, गुऱ्हाळातील उकळती काहील. चौघांच्या गटाला एक छापील प्रत पुरते. झेरॉक्समध्ये चेहरे काळवंडतात, म्हणून स्टुडिओतून रंगीत प्रत काढून घेणे बरे. मोबाईलच्या पडद्यावर चित्र दाखवू नये, कारण मुलांचे बोट लगेच पुढच्या चित्राकडे सरकते आणि एकाच चित्राकडे पाहत राहणे हा तर या उपक्रमाचा पाया आहे.

दोन मिनिटे कोणीही बोलू नये. मग चित्र पालथे ठेवून आठवेल ते सांगायला लावावे, आणि पुन्हा उलटून काय निसटले ते शोधायला सांगावे. त्यानंतर वहीत तीन रकाने आखून घ्यावेत : ‘दिसते’, ‘वाटते’ आणि ‘विचारायचे आहे’. बहुतेक मुले पहिल्याच रकान्यात ‘आजोबा दुःखी आहेत’ असे लिहितात. तेथे शिक्षकांनी ‘कशावरून?’ एवढेच विचारावे. मूल पुन्हा चित्राकडे वळते आणि लिहिते, की आजोबांची नजर खाली आहे, खांदे पडलेले आहेत आणि हातातली किटली रिकामी आहे. दुःख आता दुसऱ्या रकान्यात जाते, पण त्याला आधार मिळालेला असतो. शिवाय दुसऱ्या एखाद्या मुलाला तेच आजोबा दुःखी नव्हे, तर दमलेले वाटू शकतात. निरीक्षण आणि अनुमान यांतला हा फरक व्याकरणाच्या तासाला समजावून सांगणे अवघड असते. येथे तो मुलांच्या स्वतःच्याच वाक्यांत दिसतो. माझ्या मते संपूर्ण उपक्रमातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि त्यासाठी पूर्ण तासिका गेली तरी हरकत नाही.

शब्दसंपत्तीची वाढही याच टप्प्यावर होते. गुऱ्हाळाचे चित्र समोर आले, की करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातून आलेली, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले बोलू लागतात. काहील, चुलवाण, चिपाड, मळी, गुळव्या हे शब्द त्यांच्या घरात रोज वापरले जातात, पण शाळेच्या वहीत ते चालत नाहीत अशी त्यांची समजूत झालेली असते. असे शब्द फळ्यावर लिहावेत आणि ते जाणणाऱ्या मुलाकडूनच वर्गाला त्यांचा अर्थ समजावून घ्यावा. ‘एक माणूस मोठ्या भांड्यात काहीतरी ढवळत आहे’ हे वाक्य ‘गुळव्या काहिलीतला रस ढवळतो आहे’ असे झाले, म्हणजे लेखन सुधारले हे निराळे सांगावे लागत नाही.

आता मुलांनी स्वतः छायाचित्रे काढावीत, मात्र लगेच मोबाईल हाती देऊ नये. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापावी आणि तिच्यातून शाळेचे आवार पाहायला लावावे. चौकट डोळ्यांजवळ नेली की जास्त दिसते, लांब धरली की कमी; काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे ठरवण्याची सवय येथेच लागते व परिच्छेद लिहितानाही तीच उपयोगी पडते. चौकटीत दिसलेले दृश्य ओबडधोबड का होईना, पण रेखाटून घ्यावे. 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर वेशभूषा आणि पात्रांच्या हालचाली आधी कागदावर रेखाटत असत, हे मुलांना जरूर सांगावे.

मुलांच्याच हाती कॅमेरा देऊन त्यांना लिहिते करण्याची पद्धत अमेरिकन छायाचित्रकार वेंडी इवाल्ड यांनी 1970 च्या दशकात केंटकीतील डोंगराळ भागातील मुलांबरोबर रुजवली आणि पुढे उत्तर कॅरोलिनातील डरहॅमच्या शाळांमध्ये ती वाढवली. मुलांनी आपले घर, आपली माणसे, इतकेच नव्हे तर आपली स्वप्नेही छायाचित्रांतून मांडावीत, यावर त्यांचा भर राहिला आहे. आपल्याकडे शिक्षकांचा एक मोबाईल पुरेसा आहे. प्रत्येक गटाला पाचच छायाचित्रे काढू द्यावीत, कारण मर्यादा नसेल तर मुले पाहण्याआधीच बटण दाबतात. वेळ सकाळची किंवा चारनंतरची असावी. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण मूर्तीच्या पावलांपासून वर सरकताना पाहणाऱ्या गावातील मुलांना तिरप्या उन्हाची गंमत चटकन कळते. पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी, ज्याचे छायाचित्र काढायचे त्याला विचारल्याशिवाय मोबाईल उचलू नये आणि मुलांचे चेहरे दिसणारी चित्रे कोणत्याही व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत. याबाबतीत सवलत नको.

पाचांतून एक चित्र निवडल्यावर उरलेली चार का वगळली, यावर गटाने एक परिच्छेद लिहावा. वैचारिक लेखनाचा इतका सहज सराव दुसऱ्या कशातून मिळत असेल असे मला वाटत नाही, कारण येथे मत खरोखरच मुलांचे असते. नववी-दहावीत याच चित्रावर बातमी, जाहिरात आणि आत्मकथन असे तीन प्रकार लिहून घेता येतात. बातमी लिहिताना मुलांची अडचण होते, कारण त्या माणसाचे नाव काय, तो किती वर्षे हे काम करतो, हे चित्रात नसते. तिसऱ्या रकान्यातले प्रश्न घेऊन त्याच्याकडे परत जाण्याचे हे योग्य निमित्त होय.

पहिला खर्डा तयार झाला, की लाल पेन बाजूला ठेवावे. एका गटाची पाचही छायाचित्रे दुसऱ्या गटापुढे मांडावीत आणि लिहिलेला परिच्छेद मोठ्याने वाचून तो कोणत्या चित्राविषयी आहे ते ओळखायला सांगावे. ओळखता आले नाही, तर वर्णन कोठे मोघम राहिले ते लेखकालाच समजते आणि तो आपणहून वाक्ये बदलतो. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे या दुरुस्तीनंतर पाहावीत. शेवटी छायाचित्राची एक प्रत आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेला मजकूर चित्रातील व्यक्तीला नेऊन द्यावा व तो तिला वाचून दाखवावा. ती जे चुकीचे म्हणेल ते वहीत टिपून घ्यावे आणि भिंतीवर लावायचा अंतिम मजकूर त्यानुसार दुरुस्त करावा.